सावरपाड्याची वाट आणि आपले मैदान

(जिजामाता आणि स्वामी विवेकानंद यांच्या जयंतीनिमित्त वलगाव, जि. अमरावती येथे झालेल्या युवती व पालकांच्या मेळाव्यात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



वलगावच्या भूमीवर बोलायला उभे राहताना कुणाच्याही मनात पहिल्याने गाडगेबाबांचे स्मरण होते. २० डिसेंबर १९५६ रोजी याच गावाजवळ, पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. आयुष्यभर पायाला भिंगरी लावून चालत राहिलेला हा कर्मयोगी अखेरच्या क्षणीही वाटेवरच होता. हातावर भाकरी घेऊन खा, पण लेकरांना शिकवा, हे त्यांचे सांगणे या परिसरातल्या तीन पिढ्यांनी ऐकले आणि मानले. म्हणून आज वलगावच्या घराघरांत शिकलेल्या मुली आहेत. हे बाबांचे ऋण आहे.

आजचा दिवस जिजाऊंचा आहे. सिंदखेडराजा आपल्याच वऱ्हाडातले. १२ जानेवारी १५९८ रोजी तेथे जन्मलेल्या कन्येने पुढे हिंदवी स्वराज्याचा शिल्पकार घडवला. आजचाच दिवस स्वामी विवेकानंदांचाही आहे. दुर्बळ शरीरात बलवान राष्ट्र वसू शकत नाही, हा विचार त्यांनी तरुणांपुढे ठेवला. तेव्हा आज एका धावपटूची गोष्ट सांगावी असे मी ठरवले आहे. ती शहरातल्या क्रीडासंकुलातून आलेली नाही. सह्याद्रीच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची ती वनवासी मुलगी आहे. तिचे नाव कविता राऊत.

पाण्याची वाट

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरच्या पुढे हरसूलच्या बाजूला गेले की डोंगरांची उतरंड लागते. पावसाळ्यात तेथे पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरात पिण्याच्या पाण्यासाठी बायकांना रानोमाळ फिरावे लागते. या भागातल्या सावरपाडा नावाच्या वस्तीत ५ मे १९८५ रोजी कविताचा जन्म झाला. पाणी आणायला पायी, शाळेला पायी, रानात पायी. डोंगरातल्या मुलीचे पाय असे घडतात. त्या चालण्याला त्या वेळी कुणी व्यायाम म्हणत नव्हते. ते घरचे काम होते.

शाळेत असताना कविता धावू लागली. तिने धावणेच का निवडले? या प्रश्नाचे उत्तर तिने अगदी साधे दिले आहे. धावायला साहित्य लागत नाही, अनवाणीही धावता येते. बंधूंनो, या उत्तरात आपल्या देशाच्या ग्रामीण क्रीडाजीवनाचे सारे वास्तव आहे. बॅट लागत नाही, रॅकेट लागत नाही, गणवेशावाचून अडत नाही. दोन पाय आणि एक वाट पुरते. पण पायाला वाट मिळाली तरी दिशा दाखवणारा कुणीतरी लागतो. कविताच्या आयुष्यात तो गुरू विजेंद्रसिंग यांच्या रूपाने आला. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे हे प्रशिक्षक नाशिकमध्ये मुलामुलींना धावणे शिकवत होते. त्यांनी या मुलीच्या पायांतली ताकद ओळखली. तिला पाड्यावरून नाशिकला यावे लागले.

ज्या भोसला सैनिकी विद्यालयाच्या मैदानावर विजेंद्रसिंगांचे शिष्य घडले, ते विद्यालय धर्मवीर डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली उभे केले. मुंजे आपल्या नागपूरचे. हिंदू तरुण शिस्तबद्ध आणि बलदंड व्हावा हे त्यांचे स्वप्न. त्यांनी मैदान आखले तेव्हा सत्तर वर्षांनी तेथे पाड्यावरची एक वनवासी कन्या भारताच्या पदकासाठी घाम गाळील, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. चांगली संस्था अशीच असते. लावणारा निघून जातो आणि सावलीत कोण बसेल ते काळ ठरवतो.

पंचवीस फेऱ्या

८ ऑक्टोबर २०१०. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा. त्या स्पर्धांच्या आयोजनात जे काही झाले त्याची लाज आपण सर्वांनी वृत्तपत्रांतून वाचली आहे, त्यात मी जात नाही. त्या संध्याकाळी महिलांच्या दहा हजार मीटर शर्यतीसाठी कविता रेषेवर उभी राहिली.

दहा हजार मीटर म्हणजे काय, हे माझ्या लेकींसाठी सांगतो. चारशे मीटरच्या मैदानाला पंचवीस फेऱ्या. कविताने त्या ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत पूर्ण केल्या. म्हणजे सरासरी एक फेरी ऐंशी सेकंदांच्या आत. आणखी सोपे करून सांगतो. तुमच्या शाळेत शंभर मीटरची शर्यत होते ना? ते शंभर मीटर वीस सेकंदांत धावायचे. थांबायचे नाही. लगेच पुन्हा तेवढेच. असे लागोपाठ शंभर वेळा. उद्या सकाळी मैदानावर जाऊन चार-पाच वेळा करून पाहा, मग पुढच्या पंच्याण्णव वेळा काय असतात याची थोडी कल्पना येईल.

पहिल्या दोन जागा केनियाच्या ग्रेस मोमानी आणि डोरिस चांगेवो यांनी घेतल्या. तिसरी आली सावरपाड्याची कविता. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. १९५८ साली कार्डिफ येथे मिल्खासिंगांनी सुवर्णपदक जिंकले होते. त्यानंतर तब्बल ५२ वर्षे या स्पर्धेच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीत भारताच्या हाती काही लागले नव्हते. ती दीर्घ प्रतीक्षा एका वनवासी मुलीने संपवली. वृत्तपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ असे नाव दिले.

खरी कसोटी पुढेच होती. कौतुक, सत्कार, हारतुरे यांत माणूस हरवतो. कविता हरवली नाही. सहा आठवड्यांनी चीनमधल्या ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धा झाल्या. तेथे तिने हेच अंतर ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत कापले. दिल्लीपेक्षा एक मिनिट आणि तेरा सेकंदांहून अधिक लवकर! रौप्यपदक मिळाले. सुवर्ण कुणाला मिळाले? केरळच्या प्रीजा श्रीधरन हिला, ३१ मिनिटे ५०.४७ सेकंदांत. दोघींत एका सेकंदाहूनही कमी अंतर. पाच हजार मीटरमध्येही प्रीजाला रौप्य आणि कविताला कांस्य. एक केरळची, एक महाराष्ट्राची. भाषा निराळी, आहार निराळा, आणि दोघींच्या छातीवर एकच नाव, भारत. राष्ट्रीय एकात्मतेवर आपण परिसंवाद घेतो. मला वाटते, त्या शर्यतीचे चित्रण शाळेत एकदा दाखवले तरी पुष्कळ काम होईल.

२०१२ साली कविताला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉन जिंकली, २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत, आणि त्याच वर्षी रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. तेथे तिला २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले आणि ती १२० वी आली. हा आकडा मी मुद्दाम सांगतो. आपल्याला विजयाच्या कथा आवडतात आणि पराभवाचे पान आपण उलटून टाकतो. बेचाळीस किलोमीटर १९५ मीटरचे अंतर, पदकाची आशा मावळलेली, तरी तिने शेवटची रेषा ओलांडली. माझ्या मते त्या दिवशीचा तिचा पुरुषार्थ ग्वांगझूपेक्षा कमी नव्हता.

एकटी कुणीच धावत नाही

यशाच्या अशा कथा ऐकताना आपला एक समज होतो की, जिच्यात गुण असतो ती कशीही पुढे येतेच. हा समज सोयीचा आहे, कारण तो आपल्याला जबाबदारीतून मोकळे करतो. तो खरा नाही.

१९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिक झाले. स्वतंत्र भारताच्या स्त्रिया प्रथमच तेथे गेल्या. त्यांत मुंबईच्या वांद्र्याची मेरी डिसूझा ही वेगवान धावपटू होती. आदल्याच वर्षी दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत तिने दोनशे मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले होते. तरी हेलसिंकीला जाण्यासाठी पुरेसा पैसा नव्हता. तेव्हा वांद्र्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, मित्रमंडळींनी करमणुकीचे कार्यक्रम करून निधी उभा केला आणि आपली मुलगी पाठवली. दोन वर्षांनी मनिला येथे तिने आणि तिच्या सहकारिणींनी चार बाय शंभर मीटर रिलेचे सुवर्णपदक भारताला मिळवून दिले. देशाने ध्यानचंद पुरस्कार देऊन तिची आठवण केली ती २०१३ मध्ये, तिच्या वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. शासनाला साठ वर्षांनी जाग येते. मोहल्ल्याला त्याच आठवड्यात यावी लागते.

पी. टी. उषाचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचे कांस्यपदक सेकंदाच्या एका शतांशाने हुकले. ५५.४१ आणि ५५.४२. त्या एका शतांशावर देश हळहळला. पण पय्योलीच्या त्या बारीक मुलीला शाळकरी वयात निवडून वर्षानुवर्षे घडवणारे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार नसते, तर ती त्या रेषेपर्यंत पोहोचली असती का? आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातील, म्हणजे कायम दुष्काळी मुलखातील ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. उषानंतर धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. १९८४ ते २०१६. बत्तीस वर्षे! या बत्तीस वर्षांत या देशात धावणाऱ्या मुली जन्मालाच आल्या नाहीत काय?

आल्या होत्या. त्यांतली एक माझ्या घरात होती.

एक कबुली

व्याख्यात्याने घरच्या गोष्टी सांगू नयेत असा संकेत आहे. आज तो मोडतो, कारण त्यावाचून मला येथे बोलण्याचा अधिकार पोहोचत नाही.

१९८६ चे साल. मी महाविद्यालयात कला शाखेत शिकत होतो. आमच्या गावात दोन-तीन घरी दूरदर्शन संच होते. सेऊलच्या आशियाई स्पर्धा सुरू होत्या आणि आम्ही मुले शेजारच्यांच्या ओसरीत दाटीवाटीने बसून उषाला पाहत होतो. उषाने तेथे चार सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक जिंकले. आम्ही टाळ्या वाजवून ओसरी डोक्यावर घेतली. मी तर तिचे वर्तमानपत्रातले छायाचित्र कापून वहीत चिकटवले.

त्याच हिवाळ्यात माझी धाकटी बहीण शालेय स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आली. चारशे मीटर. पुढच्या स्पर्धेला परगावी जायचे होते. दोन रात्रींचा मुक्काम. कापूस वेचणीचे दिवस होते. आई म्हणाली, “पोरीच्या जातीनं किती पयावं?” वडील काहीच बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. घरात शिकलेला मी होतो. माझा शब्द मानला गेला असता. मी म्हणालो, दहावीचे वर्ष येते आहे, आता पुरे झाले.

एवढेच. कुणी तिला मारले नाही, कुणी रागावले नाही. तिने कॅनव्हासचे बूट धुऊन उन्हात वाळवले आणि माळ्यावर ठेवले. पुढे लग्न झाले, संसार झाला, देवदयेने सारे चांगले आहे. गेल्या वर्षी दिवाळीत ती माहेरी आली होती. नातीला अंगणात पळताना पाहून एकदम म्हणाली, “दादा, तुले आठवते का, मी पण पयत होती.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र उत्तर सुचले नाही.

मी तीसेक वर्षे पत्रकारिता केली. स्त्रीशक्तीवर अग्रलेख लिहिले, भाषणे केली. माझ्या वहीत उषाचे चित्र होते आणि माझ्याच घरातली धावणारी मुलगी मी थांबवली. दुसऱ्याच्या लेकीला टाळ्या आणि आपल्या लेकीला शहाणपण, हा दुटप्पीपणा आपल्या मध्यमवर्गीय समाजाच्या अंगी मुरला आहे. तो माझ्यातही होता. माझी बहीण उषा झाली असती असे मी म्हणत नाही. ती किती वेगाने धावू शकली असती हे कुणालाच कधी कळणार नाही. ते कळू न देणारा मी होतो, एवढेच म्हणतो.

आपली परंपरा काय सांगते?

काही मंडळी म्हणतात, मुलींनी मैदानावर धावणे आपल्या संस्कृतीत बसत नाही. नम्रपणे सांगतो, हा संस्कृतीचा अपुरा परिचय आहे. जिजाऊंच्या वऱ्हाडात तरी हे बोलू नये. समर्थांनी गावोगावी मारुती का बसवला? बलाची उपासना घडावी म्हणून. त्याच प्रेरणेने १९१४ साली आपल्या अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाड्याची मुहूर्तमेढ रोवली आणि त्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. १९३६ साली या मंडळाचे पथक थेट बर्लिन ऑलिंपिकला गेले आणि तेथे त्यांनी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. हे सारे घडले ते येथून हाकेच्या अंतरावर.

त्याच १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकर यांनी, म्हणजे सर्वांच्या मावशींनी, राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. त्या काळी घराबाहेर पडणे कठीण असलेल्या स्त्रियांच्या हाती त्यांनी दंड दिला, त्यांना मैदानावर आणले. एक विधवा गृहिणी नव्वद वर्षांपूर्वी जे करू शकली, ते आज करायला आपण का बिचकावे? आपल्या मुलीचे शील मैदानावर जाऊन बिघडत नाही. शिस्त, वेळेचे भान, हार पचवण्याची ताकद हे संस्कार मैदानच देते.

आणि आरोग्याचे काय? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे दिसून आले. शंभरांतल्या एकोणसाठ! उद्याच्या माता आहेत या. परवा संक्रांत आहे. तीळ आणि गूळ आपण वाटणारच आहोत. या मुलींच्या ताटात ते वर्षभर असावेत, जोडीला ज्वारीची भाकरी, हिरवी भाजी, शेंगदाणे असावेत. घरात मुलगा आधी जेवतो आणि मुलगी उरलेले खाते, ही रीत जेथे असेल तेथे ती आजपासून मोडा. आणि मुलीला चक्कर येत असेल, धाप लागत असेल, तर गावच्या आरोग्य केंद्रात तिचे रक्त तपासून घ्या.

करण्यासारखे

नुसते भाषण ऐकून घरी जायचे नाही. चार कामे सुचवतो. त्यांना मोठा पैसा लागत नाही.

पहिले काम मैदानाचे. गावाजवळची मोकळी ई-क्लास जमीन अतिक्रमणात जाण्यापूर्वी ग्रामसभेत ठराव करून खेळासाठी मागा. दोनशे मीटरची धावपट्टी आखायला दोरी, खुंट्या आणि फक्की पुरते. काटेकुटे आणि काचा वेचणे हे आपले काम. गाडगेबाबांच्या गावात खराटा हाती घ्यायला कुणी शिकवावे लागू नये.

दुसरे काम सोबतीचे. मुली खेळ सोडतात त्याचे मोठे कारण असते येण्याजाण्याची भीती. सकाळी सहा ते सात या वेळेत दोन प्रौढ भगिनींनी पाळीपाळीने मैदानावर बसावे. त्यांना धावावे लागणार नाही. त्यांनी तेथे असणे पुरे आहे. स्पर्धेसाठी परगावी जायचे तर एक आई सोबत जावी. माझ्या बहिणीच्या वेळी अशी एक आई पुढे आली असती, तर माझ्या तोंडचे शब्द वेगळे असते.

तिसरे काम निधीचे. गणेशोत्सवाच्या आणि दुर्गोत्सवाच्या वर्गणीतला थोडा भाग बुटांसाठी बाजूला काढा. वांद्र्याच्या लोकांनी जे १९५२ मध्ये केले, ते वलगावला अशक्य नाही.

चौथे काम धीराचे. मुलगी एका वर्षात पदक आणणार नाही. कदाचित कधीच आणणार नाही. तरी तिला दहावी-बारावीच्या वर्षांतही रोज एक तास धावू द्या. तो तास अभ्यासातून वजा होत नाही, उलट अभ्यासाला बळ देतो.

शासनाकडेही मागणे आहेच. आपल्याला योग्य शासकीय पदासाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागले, ही खंत कविताने २०२४ साली जाहीरपणे बोलून दाखवली. अर्जुन पुरस्काराने गौरवलेल्या कन्येवर ही वेळ येऊ नये. ते आपण सनदशीर मार्गाने ठामपणे सांगितले पाहिजे. मात्र शासन हलेपर्यंत मैदानावर कुसळे माजू देऊ नयेत.

कविता राऊतच्या यशानंतर नाशिक परिसरात धावणाऱ्या मुलींची रांग लागली. चांदवड तालुक्यातील संजीवनी जाधवने २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत पाच हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले. नाशिक जिल्ह्याचीच मोनिका आथरे त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. एकीने वाट पाडली की मागून येणाऱ्यांना ती दिसते. पहिलीलाच तेवढे काटे तुडवावे लागतात.

माझ्या लेकींनो, तुमच्यापैकी कोण पहिली होणार, ते मला ठाऊक नाही. आई-बाबांनो, तिने बूट मागितले तर आढेवेढे घेऊ नका. आणि शिकलेल्या भावांनो, घरात वडिलांनी तुमच्याकडे पाहिले, तर तुमच्या तोंडून काय निघेल याचा विचार आजच करून ठेवा. तो क्षण फार लहान असतो. तो एकदा हुकला की पुन्हा येत नाही.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. भारत माता की जय!